कॅलिफोर्नियात थेरपिस्ट व्हायचंय? मास्टर्सपासून लायसन्सपर्यंतची वाट

पुण्या-मुंबईत मानसशास्त्रात एम.ए. करून लग्नानंतर किंवा नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘माझ्या डिग्रीवर मला इथे काउन्सेलिंग करता येईल का?’ लगेच नाही करता येणार. पण वाट आहे, आणि ती कोणाच्या ओळखीवर किंवा नशिबावर अवलंबून नाही. नियम लिहिलेले आहेत, सगळ्यांना सारखे आहेत आणि वाचले तर कळतात. अडचण इतकीच की ते विद्यापीठाचं माहितीपत्रक, राज्याच्या बोर्डाचं हँडबुक आणि इमिग्रेशनचे नियम अशा तीन ठिकाणी विखुरलेले आहेत, आणि या तिघांचा एकमेकांशी मेळ कोणी घालून देत नाही. मी या वाटेने जाऊन कॅलिफोर्नियात एलएमएफटी, म्हणजे लायसन्सधारक थेरपिस्ट, झाले. हा लेख तो मेळ घालण्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. पदवी विद्यापीठ देतं, प्रॅक्टिसचा परवाना राज्य देतं. त्यामुळे वाचायला सुरुवात बोर्डाच्या नियमांपासून करा, कोर्सची चौकशी त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलेल्यांचे पैसे आणि वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

१. कोणतं लायसन्स, ते ठरवा

अमेरिकेत थेरपिस्टसाठी देशपातळीवरचं लायसन्स नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, पदनामंही वेगळी. कॅलिफोर्नियात मास्टर्सनंतरची तीन मुख्य लायसन्स ‘बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस’ देतं. सगळे त्याला बीबीएस म्हणतात.

एलएमएफटी म्हणजे मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट. नावावरून वाटतं तसं हे फक्त नवरा-बायकोच्या भांडणापुरतं नाही. चिंता, नैराश्य, आघात, मुलांचे प्रश्न हे सगळं एलएमएफटी हाताळतात. कॅलिफोर्नियाने हे लायसन्स १९६३ मध्ये देशात सर्वांत आधी सुरू केलं, त्यामुळे इथे ते फार रुळलेलं आहे.

एलपीसीसी म्हणजे प्रोफेशनल क्लिनिकल काउन्सिलर. व्हर्जिनियाने काउन्सिलरना लायसन्स द्यायचा कायदा १९७६ मध्ये केला, आणि कॅलिफोर्निया २००९ मध्ये सर्वांत शेवटी त्यात आलं. बाकीच्या राज्यांत एलपीसी किंवा एलएमएचसी अशा नावांनी हेच लायसन्स जास्त ओळखीचं आहे. पुढे न्यू जर्सी किंवा टेक्ससला जायची शक्यता असेल तर याचा विचार जरूर करा. मात्र कॅलिफोर्नियात एलपीसीसीला जोडप्यांवर आणि कुटुंबांवर काम करायचं असेल तर वेगळं शिक्षण आणि सुपरव्हिजनखालचे वेगळे तास लागतात.

एलसीएसडब्ल्यू हे क्लिनिकल सोशल वर्करचं लायसन्स. त्यासाठी एमएसडब्ल्यू हवं, आणि तेही सोशल वर्क शिक्षणाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून. इस्पितळं आणि काउंटीच्या नोकऱ्यांत याला मोठी मागणी असते.

‘सायकॉलॉजिस्ट’ ही चौथी वाट. तिला डॉक्टरेट लागते आणि तिचं बोर्डही वेगळं. मास्टर्सवर स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवणं इथे बेकायदा आहे. भारतात काम केलं असेल तर हा शब्द तोंडात बसलेला असतो. लिंक्डइनवर, मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा व्हॉट्सअॅपच्या ओळखीत तो कुठे राहिला असेल तर आजच काढा.

पुढची माहिती मुख्यतः एलएमएफटी आणि एलपीसीसीची आहे, कारण भारतातून मानसशास्त्र शिकून आलेल्यांना याच दोन वाटा जवळच्या पडतात.

२. भारतातली पदवी मोजून घ्या

कॅलिफोर्नियाला किमान ६० सेमिस्टर युनिट्सचं, किंवा ९० क्वार्टर युनिट्सचं, मास्टर्स लागतं. त्यात ठरावीक विषय असावे लागतात आणि क्लायंटसमोर बसून केलेलं प्रॅक्टिकमही त्याच पदवीचा भाग असावं लागतं. आपलं दोन वर्षांचं एम.ए. या मापात क्वचितच बसतं. युनिट्स कमी पडतात, आणि सुपरव्हिजनखालचं प्रॅक्टिकम कमी असतं किंवा नसतंच. त्यामुळे ‘दोन-चार विषय करून भागेल’ अशा आशेवर फार वेळ घालवू नका. बहुतेकांना इथे नव्याने मास्टर्स करावं लागतं. हे ऐकायला जड जातं याची मला कल्पना आहे. पण भारतातलं शिक्षण वाया जात नाही. प्रवेशासाठी ते लागतंच, आणि सिद्धान्त, संशोधन, मूल्यमापन हे विषय दुसऱ्यांदा येतात तेव्हा वर्गात तुम्ही इतरांच्या पुढे असता.

पदवीचं मूल्यांकन नॅसेस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडूनच करून घ्या, आणि तेही प्रत्येक विषयाचा तपशील देणारं. नुसती ‘ही पदवी अमुक पदवीच्या बरोबरीची आहे’ एवढं सांगणारा स्वस्त अहवाल पुढे उपयोगी पडत नाही.

आता नावाचा घोळ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि कित्येकदा आईचंही नाव असतं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं नाव. इथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला, नावबदलाचं राजपत्र असेल तर ते, आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच तयार ठेवा. आणि इथे पहिल्या अर्जापासून एकच नाव वापरा. विद्यापीठ, बीबीएस, बोटांचे ठसे, परीक्षा केंद्रावर दाखवायचं ओळखपत्र, सगळीकडे तेच.

विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ लागतो. सुट्टीत पुण्याला जाणारच असाल तर स्वतः जाऊन अर्ज करा आणि एकाऐवजी चार-पाच प्रती घ्या.

३. व्हिसाचं गणित प्रवेशाआधी मांडा

या पायरीवर सर्वांत जास्त लोक अडकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं. वर्षभर राज्यात राहून बाकीच्या अटी पूर्ण केल्या तर सरकारी विद्यापीठात रहिवाशांची कमी फीही लागू होऊ शकते, आणि हा फरक फार मोठा असतो. पण एच-४ वर काम करता येत नाही, आणि प्रॅक्टिकमची जागा पगारी असेल तर ते काम ठरतं. बिनपगारी जागेतही तेच काम इतरांना पैसे देऊन करवलं जात असेल तर प्रश्न उभा राहू शकतो. जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तर २०१५ पासूनच्या नियमाप्रमाणे वर्क परमिट, म्हणजे ईएडी, मागता येतं. ते हातात असेल तर वाट बरीच मोकळी होते. नसेल तर प्रॅक्टिकमच्या आधी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा का, हे इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या उत्तरावर हा निर्णय घेऊ नका.

एफ-१ वर प्रॅक्टिकम सीपीटीखाली, म्हणजे शिकताना काम करायच्या परवानगीखाली, करता येतं आणि पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. संगणकशास्त्राच्या मुलांना मिळते ती स्टेम मुदतवाढ काउन्सेलिंग आणि एमएफटीच्या अभ्यासक्रमांना नाही. आणि लायसन्सला सुपरव्हिजनखाली केलेल्या कामाचे ३,००० तास लागतात, तेही किमान १०४ आठवड्यांत पसरलेले. विरोध इथेच आहे.

एलएमएफटी आणि एलपीसीसी यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक याच ठिकाणी कळतो. एलएमएफटीसाठी पदवीआधीचे १,३०० पर्यंत तास धरले जातात आणि पदवीआधीचे आठवडेही १०४ मध्ये मोजले जातात. म्हणजे पदवीनंतर किमान १,७०० तास उरतात. आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास मोजले जातात, तेव्हा ५२ आठवड्यांत २,०८० ची मर्यादा येते. थोडक्यात, ओपीटीच्या वर्षात तास पुरे होणं अवघड असलं तरी अशक्य नाही. एलपीसीसीचे सगळे ३,००० तास पदवीनंतरचे लागतात, त्यामुळे ते एका वर्षात होऊच शकत नाहीत. एफ-१ वर असाल आणि पुढच्या व्हिसाची खात्री नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही लायसन्सना पात्र करणारा कोर्स घ्या आणि तास आधी एलएमएफटीच्या हिशेबाने भरा.

४. कोर्स निवडताना हे विचारा

सॅन फ्रान्सिस्को स्टेट, कॅल स्टेट ईस्ट बे, सँटा क्लारा युनिव्हर्सिटी अशा बे एरियातल्या अनेक ठिकाणी हे मास्टर्स आहे. संध्याकाळचे वर्ग असलेले, नोकरी करत पुरे करता येतील असेही कोर्स आहेत. साधारण दोन ते तीन वर्षं लागतात. सरकारी कॅल स्टेट विद्यापीठांची फी खासगीपेक्षा बरीच कमी, पण जागा मोजक्या असतात आणि प्रवेशाला चुरस असते.

प्रवेशाआधी कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा: हा कोर्स बीबीएसच्या सध्याच्या कायद्याप्रमाणे एलएमएफटीला, एलपीसीसीला, की दोन्हींना पात्र करतो? दोन्हींसाठी जादा विषय घ्यावे लागतात का? प्रॅक्टिकमची जागा विद्यापीठ मिळवून देतं की आपण शोधायची?

नावात ‘काउन्सेलिंग’ असलं म्हणून फसू नका. शालेय समुपदेशनाचं, करिअर मार्गदर्शनाचं किंवा नुसतं ‘मानसशास्त्रात एम.ए.’ या लायसन्सला चालेलच असं नाही. आणि दुसऱ्या राज्यातला ऑनलाइन कोर्स स्वस्त वाटला तर तो कॅलिफोर्नियाच्या अटी पूर्ण करतो का, हे त्यांच्या विक्री प्रतिनिधीला नाही, अभ्यासक्रमाच्या संचालकांना विचारा.

काकरेप ही काउन्सेलिंग अभ्यासक्रमांची राष्ट्रीय मान्यता आहे. कॅलिफोर्निया तिचा आग्रह धरत नाही, पण ओहायोसारखी राज्यं धरतात. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी उद्या कुठे नेईल सांगता येत नसेल आणि एलपीसीसी घ्यायचं असेल, तर शक्यतो काकरेप मान्यता असलेला कोर्स घ्या. आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या राज्याचं बोर्ड तोच मागतं, आणि तोवर विद्यापीठाच्या वेबसाइटवरून तो गेलेला असतो.

५. प्रॅक्टिकम: इथे तुम्ही ट्रेनी असता

एलएमएफटीच्या पदवीत किमान २२५ तासांचं प्रॅक्टिकम असतं. त्यातले १५० क्लायंटसमोर बसून, उरलेले ७५ समोरासमोर किंवा क्लायंटच्या वतीने मदत मिळवून देण्याच्या कामात. एलपीसीसीच्या पदवीला समोरासमोरचे २८० तास लागतात. १२ सेमिस्टर युनिट्स पुरी झाली की एमएफटीचे ट्रेनी पुढच्या ३,००० साठी तास मोजायला लागतात. मात्र पदवीआधीच्या १,३०० मध्ये काउन्सेलिंग आणि सुपरव्हिजन मिळून ७५० पेक्षा जास्त धरत नाहीत. बाकी नोंदी, कार्यशाळा वगैरे.

जागा म्हणजे शाळा, सामाजिक संस्था, काउंटीची केंद्रं. बहुतेक बिनपगारी. ट्रेनीला खासगी प्रॅक्टिसमध्ये काम करता येत नाही, मग ती ओळखीच्या थेरपिस्टची का असेना.

मुलाखतीत सुपरव्हायझरबद्दल मोकळेपणाने विचारा. लायसन्स मिळून किमान दोन वर्षं झाली आहेत का, दर आठवड्याला सुपरव्हिजन कधी असते, रजेवर गेल्यास बदली कोण. आपल्याकडे गुरुजनांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. इथे न विचारणाऱ्याला नियम माहीत नाहीत असं समजतात.

मराठीत थेरपी करायची संधी मिळाली तर जरूर घ्या. मुलांकडे आलेले आणि दिवसभर घरात एकटे असलेले आई-वडील, नोकरी सोडून आलेल्या एच-४ वरच्या बायका, यांना मनातलं इंग्रजीत सांगता येत नाही, आणि त्यांच्यासाठी माणसं फार कमी आहेत. सुपरव्हायझरला मराठी येत नसेल तर सत्रातला महत्त्वाचा भाग त्याच दिवशी इंग्रजीत लिहून न्यायची सवय लावा. ‘जीव घुसमटतो’ किंवा ‘अंगावर येतं’ असं क्लायंट म्हणाली तर तिचे शब्दही लिहा आणि अर्थही. नुसतं ‘अँग्झायटी’ लिहिलंत तर सुपरव्हायझरला ती बाई दिसतच नाही.

६. पदवीनंतरचे ९० दिवस

पदवीवरच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत बीबीएसकडे असोसिएट, म्हणजे लायसन्सआधी सुपरव्हिजनखाली तास भरणारा पदवीधर, म्हणून नोंदणीचा अर्ज पोचला, तर नोंदणी क्रमांक येईपर्यंतचे तासही मोजले जातात. त्याला एक अट आहे: त्या जागी काम सुरू करण्यापूर्वी लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांच्या ठशांची तपासणी, त्या संस्थेने करून घेतलेली असली पाहिजे. ती पावती हरवली तर तेवढे तास गेले. आणि ही सवलत खासगी प्रॅक्टिसला नाही. तिथे क्रमांक हातात आल्याशिवाय पाऊल टाकू नका.

मोजायची ती ट्रान्सक्रिप्टवर छापलेली पदवीची तारीख. टोप्या उडवून फोटो काढले तो दिवस वेगळा असू शकतो.

एफ-१ वर असाल तर ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून करता येतो. दोन्ही अर्जांच्या तारखा एकाच कागदावर लिहून भिंतीवर लावा. ओपीटीचं घड्याळ सुरू झालं आणि काम करायला जागाच नाही, असं होऊ देऊ नका. बिनकामाचे ९० दिवस झाले की ओपीटी धोक्यात येतं.

या टप्प्यावर लागणारी कागदपत्रं:

- विद्यापीठाने थेट किंवा सीलबंद पाठवलेलं ट्रान्सक्रिप्ट, पदवीच्या तारखेसह
- अभ्यासक्रम कायद्यात बसतो असं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, बोर्डाच्या नमुन्यात
- लाइव्ह स्कॅनची भरलेली प्रत. बोर्डासाठीची वेगळी, कामाच्या जागेची वेगळी
- सोशल सिक्युरिटी क्रमांक. तो नसेल तर कॅलिफोर्नियात आयटीआयएन, म्हणजे कर भरण्यासाठी मिळणारा क्रमांक, चालतो
- नाव बदललं असेल तर त्याचे पुरावे
- ईएडी, आय-२० (एफ-१ साठी विद्यापीठाने दिलेला फॉर्म) आणि व्हिसाचे कागद. हे बोर्डाला नाही, नोकरी देणाऱ्याला लागतात

७. ३,००० तास

आता तुम्ही असोसिएट. एलएमएफटीच्या वाटेवर एएमएफटी, एलपीसीसीच्या वाटेवर एपीसीसी. दोन्हींत किमान १,७५० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे लागतात. एलएमएफटीला त्यातले ५०० जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्यासोबतचे. शेवटच्या वर्षी हे ५०० कमी पडल्याचं बऱ्याच जणांच्या लक्षात येतं. फक्त व्यसनमुक्ती केंद्रात किंवा फक्त प्रौढांसोबत काम करत असाल तर दर तीन महिन्यांनी हा आकडा बघा.

सुपरव्हिजनशिवायचा आठवडा मोजत नाहीत. आठवड्याला एक तास एकास-एक किंवा दोन तास गटात, हे एक एकक. एखाद्या जागी त्या आठवड्यात क्लायंटचे १० पेक्षा जास्त तास झाले तर आणखी एक एकक. दोन ठिकाणी काम करत असाल तर हिशेब प्रत्येक ठिकाणचा वेगळा. एकूण आठवड्यांपैकी किमान ५२ आठवडे एकास-एक किंवा दोघांची मिळून अशी सुपरव्हिजन हवी. आणि अर्ज करताना सहा वर्षांपूर्वीचे तास सहसा गळून जातात. मूल झालं, आई-वडिलांसाठी भारतात राहावं लागलं, म्हणून मधे थांबावं लागणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवा.

कागदांबद्दल मी थोडी आग्रही आहे, कारण संस्था बंद पडतात, सुपरव्हायझर दुसऱ्या राज्यात जातात, निवृत्त होतात.

सुपरव्हिजन सुरू झाल्यापासून ६० दिवसांत करारनामा सही करून घ्या. साप्ताहिक नोंदवहीवर दर आठवड्याला सही घ्या, महिनाअखेरीस एकदम नाही. जागा सोडताना, शेवटच्या दिवशी नव्हे तर त्याच्या दोन आठवडे आधी, अनुभवाच्या पडताळणीचा फॉर्म भरून सही घ्या. त्यातली बेरीज नोंदवहीशी स्वतः ताडून पाहा. सुपरव्हायझर त्या संस्थेच्या पगारावर नसेल तर संस्था आणि सुपरव्हायझर यांच्यातला वेगळा लेखी करार लागतो. तो बघायला मागा. सगळ्याची मूळ प्रत तुमच्याकडे, स्कॅन दोन ठिकाणी. हा अविश्वास नाही. चांगले सुपरव्हायझर स्वतःच असं करायला सांगतात.

पैशांच्या बाबतीत दोन सापळे आहेत. असोसिएटला कंत्राटदार म्हणून, म्हणजे १०९९ फॉर्मवर, पैसे देता येत नाहीत. तुम्ही डब्ल्यू-२ वरचे कर्मचारी असाल किंवा स्वयंसेवक. ‘१०९९ घ्या, हातात जास्त पडतील’ असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा, कारण ते तास बोर्ड नाकारतं. दुसरं, क्लायंटकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत. ओळखीच्या काकूंनी ‘माझ्या सुनेशी जरा बोल, मी फोनवरून पैसे पाठवते’ म्हटलं तरी नाही. असोसिएटची स्वतःची प्रॅक्टिस असूच शकत नाही, आणि तुम्ही असोसिएट आहात, कोणाच्या सुपरव्हिजनखाली आहात, हे क्लायंटला सांगणं बंधनकारक आहे.

८. परीक्षा

पहिली कायदा आणि नीतीची. असोसिएट नोंदणी झाली की देता येते आणि उत्तीर्ण होईपर्यंत दर वर्षी द्यावी लागते, नाहीतर नोंदणीचं नूतनीकरण अडतं. शिवाय दर नूतनीकरणाला कॅलिफोर्नियाच्या कायदा व नीतीचं तीन तासांचं प्रशिक्षण लागतं. ही परीक्षा पहिल्याच वर्षी उरकून टाका.

आपल्यासाठी ती अवघड असते ती इंग्रजीमुळे नाही, कुटुंबाबद्दलच्या आपल्या समजुतींमुळे. १२ वर्षांचं मूल कॅलिफोर्नियात ठरावीक परिस्थितीत स्वतःच्या संमतीने थेरपी घेऊ शकतं. आई-वडिलांनी फोन करून ‘काय म्हणाली ती?’ विचारलं तर काय सांगायचं आणि काय नाही, याची उत्तरं आपल्या घरात वाढलेल्या माणसाला आपोआप सुचत नाहीत. मुलाला मारहाण होत असल्याचा वाजवी संशय आला तर ताबडतोब फोन आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या व्यक्तींच्या छळाचाही अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात पैशांची लुबाडणूकही येते. १९७६ च्या टारासॉफ निकालातून आलेलं कर्तव्य, म्हणजे क्लायंटने एखाद्या व्यक्तीला गंभीर इजा करण्याची धमकी दिली तर काय करायचं, हे तर पाठच हवं.

दुहेरी नात्यांचा भाग नीट वाचा. बे एरियातल्या मराठी वर्तुळात क्लायंट गणेशोत्सवात समोर येणारच, मुलं एकाच मराठी शाळेत असणारच. ‘समोरासमोर आलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्हाला वाटलं तर तुम्ही बोला’ हे पहिल्याच सत्रात ठरवून टाका. घरी येणं-जाणं असलेल्या कुटुंबातल्या कोणालाही क्लायंट म्हणून घेऊ नका. दुसऱ्या मराठी थेरपिस्टकडे पाठवा.

दुसरी परीक्षा क्लिनिकल. तास मंजूर झाल्यावर बसता येतं. एलपीसीसीसाठी ती एनसीएमएचसीई ही राष्ट्रीय परीक्षा आहे. एलएमएफटीची परीक्षा आजवर राज्याची स्वतःची राहिली आहे, म्हणून अर्जाच्या वेळी कोणती लागू आहे ते बोर्डाच्या ताज्या हँडबुकमध्ये पाहा. तयारीसाठी सराव प्रश्नसंच विकत घ्या, पण पूर्ण चाचण्या शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा. प्रश्नात ‘सर्वांत आधी काय कराल’ विचारलंय की ‘सर्वांत योग्य काय’, हे दर वेळी बघा. सगळे पर्याय बरोबर दिसतात तेव्हा उत्तर तिथे असतं.

९. लायसन्स हातात आल्यावर

नूतनीकरण दर दोन वर्षांनी, ३६ तासांच्या प्रशिक्षणासह. त्यातले सहा कायदा आणि नीतीचे. मालप्रॅक्टिस विमा, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर उपयोगी पडणारा विमा, नोकरीच्या जागेने काढलेला असला तरी स्वतःचाही घ्या. कॅम्फ्ट या राज्यातल्या थेरपिस्टच्या संघटनेचं सदस्यत्व विद्यार्थिदशेपासून घेता येतं, आणि तिथे सदस्यांना कायद्याच्या शंका विचारता येतात. मला त्याचा फार उपयोग झाला.

राज्य बदलणार असाल तर घर शोधण्याआधी तिथल्या बोर्डाचं पान वाचा. टेक्ससला एलपीसी असोसिएटचे ३,००० तास लागतात, त्यातले १,५०० प्रत्यक्ष क्लायंटसोबत, शिवाय तिथल्या कायद्याची वेगळी परीक्षा. न्यूयॉर्कचं लायसन्स एलएमएचसी, न्यू जर्सीत आधी एलएसी आणि मग एलपीसी. काउन्सेलिंग कॉम्पॅक्ट नावाच्या करारात बरीच राज्यं आली आहेत, कॅलिफोर्निया हे लिहीपर्यंत नाही.

भारतात परतायचं असेल तर एलएमएफटीला तिथे सरळ जोड नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते आणि तिला त्यांच्या मान्यतेचं शिक्षण हवं. समुपदेशकांसाठी २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखालची व्यवस्था लागू होते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

ऑनलाइन सत्रांचाही नियम समजून घ्या. तुम्ही कुठे बसला आहात यापेक्षा सत्राच्या वेळी क्लायंट कुठे आहे हे महत्त्वाचं. कॅलिफोर्नियाचं लायसन्स कॅलिफोर्नियात असलेल्या क्लायंटसाठी आहे. म्हणून प्रत्येक व्हिडिओ सत्राच्या सुरुवातीला ‘आज तुम्ही कुठून बोलताय?’ असं विचारून नोंद करा. क्लायंट डिसेंबरमध्ये महिनाभर साताऱ्याला जाणार असेल, तर विमा कंपनीला लेखी विचारणं, तिथे संकटात कोणाला फोन करायचा ते लिहून घेणं, आणि सत्रं चालू ठेवायची की परतल्यावर करायची ते ठरवणं, हे सगळं नोव्हेंबरमध्येच उरका.